शून्याला घातलेला हार

आता मला एक सांगा, भरोसा ठेवायचा तर कोणावर ठेवावा? काट्यावर, की काटा लावणाऱ्यावर? चहा येतोय, तोवर विचार करा. मी अर्धी हयात याचं उत्तर छातीठोकपणे देत आलो: काट्यावर ठेवा, माणसावर नको. पुढे एका सकाळी ते उत्तर माझ्या डोळ्यांदेखत चावून खाल्लं गेलं. फजिती माझीच आहे, तेव्हा हसताना माझ्याकडे बघून संकोच करू नका.

धंदा ठाऊक नसेल तर आधी तो सांगतो. वडील भंडाऱ्याकडून भिलाईच्या प्लांटात कामाला आले. मी प्लांटात गेलो नाही. खुर्सीपारला एका काटेवाल्याच्या दुकानात बसलो आणि तराजू दुरुस्त करायला शिकलो. तराजूवरून इलेक्ट्रॉनिक काट्यांवर आलो, काट्यांवरून प्लास्टिक तपासायच्या मशिनींवर. विकायच्या, बसवायच्या, बिघडल्या की नीट करायच्या. कॉलेज आतून पाहिलं ते तिथल्या प्रयोगशाळेतला काटा दुरुस्त करायला गेलो तेव्हाच. पण इथल्या पाइपवाल्यांना, पिशवीवाल्यांना विचारून पाहा. मशीन अडली की फोन मदनभाऊलाच येतो.

काट्याच्या धंद्यात एक गोष्ट पक्की कळते. लबाडी वजनात नसते, शून्यात असते. आमच्याकडे एक कबाडी होता. सकाळी दुकान उघडलं की काट्याच्या पलड्यावर एक जाड बोल्ट ठेवायचा, शून्याचं बटण दाबायचा आणि बोल्ट उचलून खिशात टाकायचा. झालं. आता दिवसभर प्रत्येकाचं भंगार त्या बोल्टाएवढं कमी भरणार. रिकाम्या काट्यावर उण्याचं चिन्ह दिसू नये म्हणून त्यावर बायकोची टिकली चिकटवायचा. त्याला मी पकडला. कसा, तर टिकलीवरून. हा किस्सा मी इतक्या ठिकाणी, इतका रंगवून सांगितला आहे की खुर्सीपारची पोरं मला पाहिलं की कपाळाला बोट लावत.

तेव्हापासून माझा नियम. मी बसवलेल्या मशीनचं शून्याचं बटण गिऱ्हाईकाच्या हाती द्यायचं नाही. शून्य मी लावणार, बटणावर चिकटपट्टी मी मारणार, पट्टीवर सही माझी. हात लावायचा नाही हे मराठीत सांगतो, हिंदीत सांगतो आणि उरलाच कोणी तर ‘हाथ झन लगाबे’ म्हणून छत्तीसगढीतही सांगतो.

दुसरा नियम पूजेचा. तुम्ही भिलाईचे आहात, तुम्हाला काय सांगायचं. इथे विश्वकर्मा पूजेला स्क्रू आवळायचा पेचकससुद्धा टिळा लावून घेतल्याशिवाय फिरत नाही. मी तर वर्षभर पाळतो. मशीन बसवली की हळद-कुंकू, नारळ आणि झेंडूचा चांगला जाडजूड हार. दुरुस्तीला गेलो तरी आधी ताजा हार, मग पाना. हारात मी कंजुषी करत नाही. फुलवालीला सांगून ठेवलं आहे, दोन हारांची फुलं एका दोऱ्यात ओव आणि दोरा पतंगाचा नको, गोणी शिवायचा घे.

तर गोष्ट साहूजींच्या कारखान्यातली. तिथे दुधाच्या पिशव्यांची फिल्म बनते. फिल्म काढणाऱ्या मशीनवर मुख्य ऑपरेटर दिलीप मेश्राम. हा माझा लहानपणापासूनचा दोस्त. त्याचे वडील आणि माझे वडील प्लांटात एकाच शॉपमध्ये, म्हणजे एकाच खात्यात. साहूजींना तपासणीची मशीन घ्यायची होती, तेव्हा माझं नाव मेश्रामनंच पुढे केलं. ‘रायपूरवाले मशीन विकतील, मदन मशीन सांभाळेल,’ असं म्हणाला म्हणे. हे लक्षात ठेवा. पुढे मी त्याचे पांग कसे फेडले ते येतं आहे.

मशीन साधी. एक चिमटा वर, एक खाली. फिल्मची पट्टी कापायची, दोन्ही चिमट्यांत धरायची. वरचा चिमटा वर सरकतो, पट्टी ताणली जाते आणि शेवटी तुटते. किती किलोच्या ताणाला तुटली तो आकडा समोरच्या पडद्यावर येतो. वरचा चिमटा ज्या तुकड्याला टांगलेला असतो त्याला लोडसेल म्हणतात. तो फार नाजूक मनाचा. त्याला खालून जे काही ओढेल ते तो मोजतो. कोण ओढतंय हे विचारत नाही.

मशीन बसवली त्या दिवशी मी यथासांग पूजा केली. हार कुठे घालायचा? मशीनला मान तर नसते. वरच्या चिमट्याची मूठ मला मानेसारखी दिसली, तिथे घातला आणि मागच्या बाजूला सोडला, म्हणजे पट्टीच्या आड येऊ नये. मेश्राम दारात उभा राहून चहा पीत होता. तो पूजापाठात पडत नाही. त्यावरून आमचं भांडण नाही, चिमटे मात्र चालतात.

“मदन, हे बिजलीवर चालते का फुलावर?”

“दोन्हीवर. तू तुझी फिल्म पाय.”

“पायतो. पण एवढा मोठा हार तर तुले लग्नात नव्हता भेटला.”

लॅब सांभाळणारी वर्षा म्हणून एक मुलगी आहे, जुनवानीहून स्कूटीवर येते. शिकलेली, घरी मराठी आणि बाहेर सगळं हिंदी. तिनं विचारलं, “काका, अब हार निकाल दूँ?”

“राहू दे, बेटा. मी येईन तेव्हा मीच बदलीन. माझ्या हातचा आहे.”

मग मी शून्य लावलं. पट्टी मारली, सही केली. पाच किलोचं वजन चिमट्याला टांगून दाखवलं, पडद्यावर बरोब्बर पाच. साहूजी खूश. मेश्रामची फिल्म तपासली, उत्तम निघाली. मेश्राम खूश. मी तर काय, पेढे खात घरी गेलो.

तुम्हाला कळलं असेल तर गप्प बसा. मला तेव्हा कळलं नव्हतं.

थोड्याच दिवसांत वर्षाचा फोन. “काका, फिल्म कमी दाखवून राहिली. रोज थोडी थोडी. और मशीन खाली हो तब भी माइनस दिखाती है.”

म्हणजे पाहा, पोरीनं पहिल्याच फोनवर सगळं सांगून टाकलं होतं. आणि मी, ज्यानं कबाड्याची टिकली ओळखली, तो काय म्हणालो? म्हणालो, “बेटा, ते थोडंसं उणे म्हणजे मशीनचा श्वास आहे. चालू मशीन श्वास घेते.”

तिनं फोनवरच वहीची पानं उलटली. मग म्हणाली, “सांस बढ़ रही है, काका.”

गेलो. जाताना ताजा हार घेऊन गेलो, ते आलंच. वाळलेला काढला, नवा घातला, मगच मशीन उघडली. वायरी पाहिल्या, स्क्रू आवळले, शून्य लावलं, पाच किलो टांगले. बरोब्बर पाच. “व्होल्टेज कमी-जास्त होते,” मी निदान केलं आणि स्टॅबिलायझर बसवायला लावला.

पुन्हा काही दिवसांनी तोच फोन. या वेळी मी अर्थिंगवर गेलो. लॅबच्या मागे खड्डा खणवला, त्यात मीठ आणि कोळसा भरला, रोज पाणी घालायला माणूस लावला. ताजा हार घातला, शून्य लावलं, पाच किलोचे पाच. पुन्हा फोन. मग मशीनखाली जाड रबर घातलं, कारण शेजारच्या मशीनची धडधड पोचत असणार. ताजा हार. पुन्हा फोन. मग मी पदरचा नवा लोडसेल घातला. त्याला तर मोठाच हार आणला, नवीन होता ना.

वर्षानं एक दिवस बोलून दाखवलं, “काका, तुम्ही आले की मशीन शहाणी होते. तुम्ही गेले की रुसते.”

“हाताचा गुण असतो, बेटा.” मी हे हसून म्हणालो, पण खोटं कशाला बोलू, मला ते पटलंही होतं.

इथवर माझी चूक म्हणजे नुसता मूर्खपणा होता. पण मी व्यापारी माणूस. मूर्खपणावर थांबलो तर धंदा कसा चालेल? मी डोकं चालवलं. मशीन माझ्यासमोर कधीच चुकत नाही, म्हणजे मशीन चांगली. मशीन चांगली, म्हणजे फिल्म वाईट. मी येतो त्या दिवशी फिल्म चांगली निघते, मी गेलो की वाईट होत जाते. म्हणजे मी आहे म्हणून कोणीतरी घाबरतं आणि मी गेलो की प्लास्टिकच्या चांगल्या दाण्यात भंगाराचा दाणा मिसळतं. मिसळायला हात कोणाचा पोचतो? ऑपरेटरचा.

ही अक्कल मी साहूजींच्या केबिनमध्ये, त्यांचाच चहा पीत, त्यांना दिली. “साहूजी, आदमी झूठ बोलता है. मशीन नहीं बोलती.”

साहूजी कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी कप खाली ठेवला. “मेश्राम?”

“नाम मैंने नहीं लिया,” मी म्हणालो. नाव न घेता माणूस बुडवायची ही पद्धत व्यापाऱ्यांत फार जुनी आहे.

त्याच आठवड्यात दूध डेअरीचे साहेब फिल्म पाहायला येणार होते. साहूजींनी सांगून टाकलं, साहेबांसमोर फिल्म कमी भरली तर मेश्रामनं दुसऱ्या दिवसापासून येऊ नये. मेश्रामची मुलगी नुकतीच नर्सिंग शिकायला लागली होती. घरात कमावता तो एकटा. मला हे सगळं माहीत होतं. तरी मी मनात म्हणालो, मशीन खोटं बोलत नाही.

संध्याकाळी तो माझ्या दुकानात आला. बसला नाही.

“मदन, तू मले चोर म्हणून राहिला काय?”

“मी नाही म्हणत. मशीन म्हणते.”

“मंग मशीनलेच पाठव माझ्या घरी. बायकोले तेच समजावून सांगन.”

“दिलीप, आकडा आहे. मी काय करू?”

“तू एक कर. साहेब येईन त्या दिवशी तू मशीनले हात लावू नोको. तू हात लावला का ते ठीक होते. तुया हातानं मले वाचायचं नाही. जशी हाये तशी राहू दे, मी जसा हावो तसा उभा राहतो.”

मी हो म्हणालो. मनात वाटलं, चोरालाच पकडायची घाई झाली आहे.

साहेबांच्या दिवशी लॅबचा एसी बंद पडला. दार सताड उघडं टाकलं. मशीनवर मागच्या खेपेचा हार होता, वाळून चुरमुऱ्यासारखा हलका झालेला. मी सोबत ताजा आणला होता, पण मेश्रामला शब्द दिला होता. म्हणून तो कागदात गुंडाळून बाजूच्या स्टुलावर ठेवला.

साहेब आले. पडद्याकडे पाहून पहिलाच प्रश्न, “यह खाली मशीन माइनस क्यों दिखा रही है?”

“सर, वो साँस है,” मी म्हणालो.

“किसकी?”

मी वर्षाला खूण केली. वर्षानं पट्टी लावली. पट्टी ताणली, तुटली. आकडा कमी. दुसरी लावली, कमी. तिसरी, कमी. साहूजींनी मेश्रामकडे पाहिलं. मेश्रामनं माझ्याकडे पाहिलं. मी मशीनकडे पाहिलं, कारण तेवढी एकच जागा मोकळी होती. मला काही सुचेना, तेव्हा माझे हात आपोआप त्यांच्या सवयीच्या कामाला लागले. मी वाळलेला हार काढला आणि ताजा चिमट्याला घातला.

“हात लावायचा नव्हता ना,” मेश्राम म्हणाला.

“मशीनला कुठे लावला? हार तर बदलला.”

साहेब साहूजींशी बोलायला खिडकीपाशी गेले. नोकरीचीच गोष्ट चालली असणार, कारण साहूजी मान हलवत होते. मेश्राम आपला रुमाल घडी करत होता, उलगडत होता, पुन्हा घडी करत होता.

आणि उघड्या दारातून चौकीदाराची बकरी आत आली.

बकरी म्हणजे कारखान्याची जुनी मेंबर. तिला लॅबमध्ये काय करायचं ते नीट ठाऊक होतं. तिनं पुढचे दोन पाय टेबलावर ठेवले, मान लांब केली, ताज्या झेंडूचा हार खालून तोंडात धरला आणि ओढला.

पडद्यावर आकडा चढू लागला. चिमट्यात पट्टी नाही, मशीन चालू केलेली नाही, आणि आकडा चढतोय. दोन किलो. चार किलो. बकरीनं मान झटकली, सात. साहेब खिडकीकडून वळले आणि चष्मा वर करून पडद्याकडे पाहू लागले. कोणी बकरीला हाकललं नाही. सगळे आकडा वाचत होते. मेश्रामचा रुमाल हातातच राहिला.

“हे बकरीची ताकत मोजून राहिली काय?” तो म्हणाला.

दोरा तुटला. बकरी खाली उतरली आणि शांतपणे चावू लागली. पडद्यावरचा आकडा झर्रकन खाली आला, शून्य ओलांडून आणखी खाली गेला आणि उण्यात जाऊन थांबला. मघापेक्षाही जास्त उण्यात.

हार गेला आणि तेवढं वजन गेलं. एवढीच गोष्ट. पण ती माझ्या डोक्यात पोचली तेव्हा मला अंगातून गार वारा गेल्यासारखं वाटलं, आणि एसी तर बंद होता. ताजा, ओला, जाडजूड हार टांगलेला असताना मी शून्य लावत होतो. मग हार वाळायचा, रोज हलका व्हायचा आणि मशीन रोज तेवढं उणं दाखवायची. फिल्म तीच, पण हारानं सोडलेलं वजन तिच्या आकड्यातून वजा व्हायचं. मी यायचो, पुन्हा ओला हार घालायचो, पुन्हा शून्य लावायचो आणि हाताचा गुण सांगून घरी जायचो. मशीन एकदाही चुकली नव्हती. ती माझ्या हाराचं वजन रोज इमानदारीनं सांगत होती, आणि मी तिला श्वास घ्यायला लावत होतो.

“वर्षा,” मी म्हणालो, “बटणावरची चिकटपट्टी काढ. शून्य कर.”

“आपका साइन है उस पर, काका.”

“म्हणूनच काढ.”

तिनं माझी सही नखानं खरवडून काढली, शून्य लावलं आणि मेश्रामच्या फिल्मची पट्टी चिमट्यात धरली. पट्टी ताणली, ताणत राहिली आणि जिथे तुटायला हवी त्याच्या बऱ्याच पुढे जाऊन तुटली. दुसरी तशीच. तिसरी तशीच.

साहेबांनी खाली पडलेला तुटका दोरा उचलून बोटांत फिरवला. “फिल्म अच्छी है,” ते म्हणाले. “वैसे आज की सबसे मजबूत चीज़ यह धागा निकला.”

साहूजी माझ्याकडे वळले. त्यांनी फक्त माझ्यासाठी चहा सांगितला. ज्याला शिवी द्यायची असते त्याला ते चहा देतात, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मेश्रामला मात्र त्यांनी स्वतःची खुर्ची दिली.

मेश्राम बसला. रुमालानं तोंड पुसलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, “मदन, साहेबाले तो कबाड्याचा किस्सा सांग ना. बोल्टवाला. तू लय रंगवून सांगतं.”

मी सांगितला. काय करणार, साहेब वाट पाहत होते. पलड्यावर बोल्ट ठेवून शून्य लावलं, मग बोल्ट काढला, इथवर आलो आणि साहेबांना हसू आवरेना. माझा हा किस्सा इतका कधीच रंगला नव्हता. टिकलीचं तर मी सांगायच्या आधीच वर्षानं सांगून टाकलं.

संध्याकाळी मिठाईचा डबा घेऊन मेश्रामच्या घरी गेलो. तो दारातच उभा होता. मी म्हणालो, “दिलीप, चुकलो.” तो म्हणाला, “बस.” यानं प्रकरण मिटलं असतं, पण वहिनी बाहेर आल्या, डबा हातात तोलून पाहिला आणि विचारलं, “भाऊजी, हे डब्याचं वजन धरून हाये का सोडून?”

हार मी अजूनही घालतो. आता मशीनच्या पायाला घालतो, शून्य लावल्यावर घालतो, आणि बटणावर चिकटपट्टी मारत नाही. ते बटण वर्षाच्या हाती आहे. मेश्राम मला फाटकावर भेटला की एवढंच विचारतो, “हार आणला काय? बकरी सकाळपासून उपाशी हाये.”

घ्या, चहा गार होतोय. हा किस्सा तुम्ही चार जणांत सांगाल, सांगालच, मीही सांगितलाच असता. फक्त एक विनंती. हिशेब इमानदारीनं ठेवा. शेवटचा हार बकरीच्या नावावर टाका, बाकीचे सगळे माझ्या. मेश्रामच्या नावावर शून्य लिहा. आणि ते शून्य लिहिताना वर काही टांगलेलं नाही ना, तेवढं एकदा मान वर करून पाहून घ्या.